पेल्यावरील पाला

ऊस, कापूस, ज्वारी व द्राक्षे यांजवर लिहिणाऱ्या जाणत्या मंडळींच्या पंगतीस आम्ही एका खिडकीतील दहा-बारा कुंड्यांची हकीकत घेऊन बसत आहोत, हे पाहून कित्येक वाचकांस हसू आल्यावाचून राहणार नाही. तथापि ज्या पाल्याची ही हकीकत आहे त्याच्यापायी आमच्या सख्ख्या पुतण्याने कर्ज काढून वीस गुंठ्यांवर शेडनेट उभारण्याचा बेत जवळजवळ पक्का केला होता. तसाच बेत आणखी कोणी करीत असेल, तर त्याने सह्या करण्यापूर्वी हा लेख वाचावा, एवढ्याच हेतूने आम्ही लेखणी हाती घेतली आहे.

प्रथम हा पाला कोणता ते सांगितले पाहिजे. पाश्चात्त्य देशांत मद्यात फळांचा रस, साखर, बर्फ इत्यादी घालून जी मिश्र पेये करितात त्यांस कॉकटेल म्हणतात. असे पेय पेल्यात ओतल्यावर त्यावर एखाद्या सुवासिक वनस्पतीचा शेंडा खोवून देण्याची रीत आहे. हा शेंडा केवळ शोभेचा नसतो. पेला ओठाशी नेला म्हणजे नाक त्या पानांत जाते, आणि पेयाची निम्मी चव खरोखर नाकानेच घेतली जाते. अमेरिकेतील केंटकी राज्यात लुईव्हिल या शहरी १८७५ पासून दरवर्षी घोड्यांची एक मोठी शर्यत होते. त्या प्रसंगी मिंट जुलेप नामक पेय प्राशन करण्याचा प्रघात आहे. मक्याचे मद्य, साखर, बर्फाचा चुरा आणि वर पुदिन्याचा भरघोस झुबका, असे त्याचे स्वरूप होय. आता या ‘जुलेप’ शब्दाची कुळकथा गमतीची आहे. मूळ फारसी ‘गुलाब’, म्हणजे गुलाबपाणी. त्याचे अरबीत ‘जुलाब’ झाले, म्हणजे औषध घेण्याचे गोड सरबत. तेच युरोपात जाऊन ‘जुलेप’ झाले, आणि आपल्याकडे येऊन त्याचा जो अर्थ झाला तो वाचकांस सांगावयास नको. एकाच शब्दाचा एक वंशज शर्यतीच्या मैदानावर चांदीच्या पेल्यात मिरवतो व दुसरा वैद्यबुवांच्या पुडीत राहतो, हा दैवाचा खेळ म्हणावयाचा.

क्यूबा बेटातील हवाना शहराचे मोहितो हे पेयही पुदिन्याचेच. लंडनच्या पिम्स या पेयावर बोरेज नावाच्या वनस्पतीचा पाला व निळे फूल घालण्याची जुनी चाल होती. हल्ली बोरेज दुर्मिळ झाल्यामुळे बहुधा पुदिना आणि काकडी यांवरच भागवितात. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील एका पेयगृहात २००८ साली जिन, लिंबू आणि मूठभर गोड तुळस कुटून एक हिरवेगार पेय निघाले, आणि तेव्हापासून त्या तुळशीला जगभर मागणी आली. मुंबई, पुणे व गोवा येथील मोठ्या उपाहारगृहांत ही सर्व पेये आता मिळतात, आणि मद्यावाचून केलेल्या त्यांच्या सरबती आवृत्त्या लहान मुलेसुद्धा पितात.

आम्ही स्वतः मद्यास शिवत नाही. परंतु मद्यपानाच्या बरेवाईटपणाचा निवाडा हा या लेखाचा विषय नव्हे. ऊस लावणारा बागाईतदार मळीचे पुढे काय होते हे विचारीत बसत नाही; मग पुदिन्याच्या काडीनेच काय पाप केले?

तर महसूल खात्यातील कारकुनी संपवून आम्ही पुण्यास चिरंजीवांच्या तिसऱ्या मजल्यावरील बिऱ्हाडी राहावयास आलो, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी पुतण्या गावाहून आला. त्याच्या हाती थाइम नावाच्या पाल्याची, शहरातील एका दुकानातून घेतलेली, वीस ग्रॅमांची पुडी होती. किंमत साठ रुपये. “काका, साठ भागिले वीस, म्हणजे ग्रॅमला तीन रुपये. किलोला तीन हजार. आता वीस गुंठ्यांत किती किलो निघेल ते तुम्हीच मांडा.” आम्ही मांडले नाही. पीकपाहणीचे कागद लिहिण्यात ज्याची हयात गेली त्याला असले गुणाकार पुष्कळ ठाऊक असतात. त्यांत चूक आकड्याची नसते, गृहीताची असते. आम्ही त्यास एवढेच म्हणालो, “अरे, सहा महिने थांब. आधी या खिडकीत उगवून दाखवितो. मग तू बँकेत जा.” तो थांबला, हा त्याचा चांगुलपणा.

आरंभीच खिडकीने आम्हांस फसविले. किंवा खरे म्हणजे पुस्तकाने. घरात वनस्पती वाढविण्याविषयीची जी इंग्रजी पुस्तके मिळतात ती सर्व एकमुखाने सांगतात की, कुंड्या दक्षिणेकडील खिडकीत ठेवाव्या. आमची खिडकी दक्षिणेचीच, म्हणून आम्ही खूश. एप्रिलअखेर बी पेरले. रोपे उगवली, आणि पंधरा दिवसांत सुतासारखी बारीक, फिकट व लांबुडकी होऊन आडवी पडली. कारण काय, तर ती पुस्तके लंडनची. तेथे साडेएक्कावन्न अक्षांशावर सूर्य बारमाही दक्षिणेकडेच कललेला असतो. पुणे साडेअठरा अंशांवर आहे. येथे १३ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य ठीक डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेस असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत ऊन म्हणून शिरत नाही. त्यात वरच्या मजल्याचा सज्जा आणि जूनपासून आभाळ. उलट मार्गशीर्ष-पौषात हीच खिडकी सोन्याची. ऊन खोलीत आतपर्यंत येऊन बसते. सबब आम्ही असा नेम केला की, दसऱ्यापासून होळीपर्यंत कुंड्या दक्षिणेस, पुढे पूर्वेकडील गॅलरीच्या दारात, आणि पावसाळ्यात साध्या पांढऱ्या एलईडी नळीखाली. ही नळी रोपांच्या शेंड्यापासून वीतभर उंच ठेवून दिवसाचे चौदा तास जाळावी. नळी छताला लावून खाली रोपे ठेवल्यास काही उपयोग होत नाही, कारण प्रकाश अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतो.

आता बियाण्याकडे वळू. या व्यवहाराचे मर्म येथेच आहे, कारण काही वनस्पतींचे बी दिलेला शब्द पाळते आणि काहींचे पाळीत नाही.

सर्वांत इमानी बी गोड तुळशीचे. जिला इंग्रजीत बेसिल म्हणतात ती आपल्या वृंदावनातील तुळशीची भाऊबंदच, पण निराळी जात. आणि फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच गोड तुळशीचे बी होय. सब्जा पाण्यात टाकताच त्याभोवती जसा बुळबुळीत पडदा फुगतो, तसाच या बियांभोवती मातीतही फुगतो. म्हणून बी पुरू नये, वर पसरून पातळ माती भुरभुरावी व पाण्याचा नुसता शिडकावा करावा. उबदार हवेत पाच ते सात दिवसांत उगवण दिसते. आम्ही काटकसरीखातर एका कुंडीत वाण्याकडचा सब्जा आणि दुसरीत इटालियन जिनोवीज जातीचे विकतचे बी पेरले. दोन्ही उगवली. परंतु सब्ज्याच्या झाडाचे पान लहान, अणकुचीदार आणि वास लवंग-बडीशेपेकडे झुकणारा निघाला. जिनोवीजचे पान रुंद, पन्हाळीसारखे वाकलेले व वास सौम्य. पेयगृहात हे दुसरेच मागतात. रोपास पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की वरचा शेंडा जोडीच्या लगत वर खुडावा. तेथून दोन फांद्या फुटतात, त्या खुडल्या की चार. तुरा दिसू लागताच काढून टाकावा, नाही तर पाने बारीक होतात. आमच्या सौभाग्यवतींनी प्रथमच बजावले होते की, वृंदावनातील तुळशीचे एकही पान दारूच्या पेल्यासाठी घराबाहेर जाणार नाही. म्हणून या कुंड्या वृंदावनापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेविल्या आहेत, आणि दोन्ही पक्षांत समेट आहे.

सर्वांत लबाड बी पेपरमिंटचे. ‘पेपरमिंट’ अशी ठळक अक्षरे असलेले एक रंगीत पाकीट आम्ही मोठ्या आशेने आणले. दोन महिने पाणी घातल्यावर जे उगवले त्याला पुदिन्याचे रूप होते, पण वास असा की नसल्यासारखाच. पुढे चौकशी करता उमगले की, लिनियसने १७५३ साली जिची नोंद केली ती पेपरमिंट ही वनस्पती मुळात पाणपुदिना व साधा पुदिना यांच्या संकरातून झालेली आहे, आणि खेचराप्रमाणे ती वांझ असते. जिला बी धरत नाही तिचे बी पाकिटात येणार कोठून? साध्या पुदिन्याचे बी मिळते व उगवतेही, परंतु प्रत्येक रोप निराळ्या वासाचे निघते. पेयगृहास तर आजच्यासारखाच शेंडा उद्या हवा असतो. तेव्हा पुदिन्यापुरते बियाण्याचे नाव सोडून द्यावे. मंडईतील जुडीतून चार सतेज काड्या निवडून खालची पाने काढाव्या आणि पेलाभर पाण्यात उभ्या कराव्या. आठ-दहा दिवसांत मुळे फुटतात, मग कुंडीत लावाव्या. एक सावधगिरी मात्र घ्यावी. उत्तर प्रदेशात तेलासाठी जो मेंथा पिकवितात तो निराळा. त्याची पाने मेंथॉलने जिभेला बधिर करितात. जुलेप-मोहितोस आपला चटणीचा पुदिनाच जवळचा. आमच्या पुतण्याला मेंथ्याची रोपे खपविण्याचा यत्न एकाने केला होताच.

थाइम, जिच्या पुडीवरून हे सारे सुरू झाले, तिचे बी राजगिऱ्याहूनही बारीक असते. एका ग्रॅमात काही हजार दाणे भरतात. ते बारीक वाळूत मिसळून वरच्यावर पसरावे, झाकू नये. उगवण बरी होते, पण वाढ मुंगीच्या पावलाची. रोजमेरीची तर त्याहून कठीण. आम्ही पन्नास बिया मोजून पेरल्या, महिन्याभरात नऊ उगवल्या, वर्षाने त्यांतल्या चार बोटभर उंचीच्या राहिल्या. तेवढ्याच अवधीत शेजाऱ्यांनी दिलेल्या एका काडीचे भरदार झाड झाले. भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या टेकड्यांवरची ही झाडे असल्यामुळे आपल्या पावसाळ्यात मुळाशी ओल राहिली की कुजतात. कुंडीत निम्मी जाड वाळू घालावी.

शेपू आणि कोथिंबीर यांविषयी शेतकऱ्यास काय सांगावे? धणे रगडून दोन फाळ्या करावयाच्या हे आमच्यापेक्षा वाचकांस अधिक ठाऊक. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच की, शेपवाचे सोटमूळ हलविलेले त्यास खपत नाही, म्हणून जेथे वाढवावयाचा तेथेच पेरावा. आणि शेतासाठी विकतात ते बी पुष्कळदा थायरमसारख्या औषधात घोळलेले, रंगविलेले असते. ज्याची दोन पानांची कोवळी रोपेच कच्ची खावयाची तेथे असले बी चुकूनही वापरू नये.

बोरेजचे बी चांगले मोठे, आठवड्यात उगवणारे. यालाही सोटमूळ असल्याने कुंडी खोल हवी व ऊन भरपूर हवे. पानांस काकडीचा वास येतो. निळे, ताऱ्याच्या आकाराचे फूल बर्फाच्या खड्यात गोठवून पेल्यात सोडितात.

आता आमच्या सर्वांत मोठ्या नुकसानीची कथा. आश्विनात तुळशीची तीन पराती रोपे अशी दाट, हिरवी व एकसारखी आली होती की, येणाऱ्या-जाणाऱ्यास आम्ही ती दाखवीत असू. एका पेयगृहाच्या माणसाने दिवाळीसाठी त्यांतील माल सांगूनही ठेविला होता. एके सकाळी पाहतो तो एका परातीच्या मधोमध रुपयाएवढे भोक. रोपे जमिनीलगत पिचून आडवी झालेली. दुपारी भोक तळहाताएवढे, आणि तिसऱ्या दिवशी तिन्ही पराती साफ. तंबाखू अगर मिरचीचे वाफे ज्यांनी लाविले आहेत त्यांनी हा रोपे कोलमडण्याचा रोग ओळखलाच असेल. घरात तो अधिक चेवतो, कारण वारा नसतो, माती वरून ओली राहते व हौशी माणूस मायेने पाणी जास्त घालतो. आम्ही तर सकाळ-संध्याकाळ घालीत होतो. शिवाय परसातली माती तशीच आणून भरली होती. पुढील खेपेपासून काथ्याचा भुसा व गांडूळखत समभाग घेऊन त्यांत थोडा ट्रायकोडर्मा मिसळू लागलो, बी विरळ टाकू लागलो, पाणी वरून न घालता परातीखालच्या ताटात ओतून अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकू लागलो, आणि दिवसातून दोन तास लहान पंखा मंद ठेवू लागलो. त्यानंतर तो रोग आला नाही असे नाही, पण रुपयाएवढ्या भोकावर थांबला.

फवारणीचा प्रश्न मात्र येथे उद्भवत नाही. जे पान पेल्यातून सरळ तोंडात जावयाचे त्यावर औषध मारणे हा गुन्हाच समजावा. मावा आला तर शेंडा वाहत्या पाण्याखाली धुवावा, फारच झाला तर झाड उपटावे. तसेच कोणी कितीही आग्रह केला तरी कण्हेर, सदाफुली, धोत्रा यांची फुले शोभेसाठीसुद्धा देऊ नयेत. ही विषारी आहेत. आम्हांस एकाने कण्हेरीची गुलाबी फुले मागितली होती, म्हणून मुद्दाम लिहीत आहोत.

दिवाळीनंतर नव्याने आलेल्या तुळशीचे पन्नास शेंडे आम्ही संध्याकाळी खुडून, पुदिन्याप्रमाणेच ओल्या फडक्यात गुंडाळून शीतकपाटात ठेविले. सकाळी पुदिना टवटवीत होता आणि तुळस काळी पडली होती. ही उष्ण देशातील वनस्पती दहा-बारा अंशांखाली गारठते. तिचे शेंडे फुलांप्रमाणे देठ पाण्यात बुडवून बाहेरच ठेवावयाचे असतात. घेणाऱ्याने ती काळी तुळस परत केली व त्यास आम्ही दोष दिला नाही.

याच सुमारास आम्ही तराजू घेऊन बसलो. पुदिन्याचे तीन-चार इंची वीस शेंडे भरले पस्तीस ग्रॅम. म्हणजे शंभर पेल्यांस लागतात सुमारे पावणेदोनशे ग्रॅम. ज्या गृहात रात्रीस शंभर असे पेले खपतात ते मोठेच म्हणावयाचे, आणि त्यासही आठवड्यास किलो-सव्वा किलोपलीकडे पुदिना नको. थाइम तर त्याच्या दशांशही नको. उलट पुदिन्याचा एक गुंठा वर्षात क्विंटलाच्या हिशेबाने पाला देतो. आता पुतण्याच्या साठ रुपयांच्या पुडीत काय होते पाहा: पाला थोडा, बाकी निवडणूक, बरणी, बर्फ, वाहतूक, न विकता वाळलेल्या पुड्यांचे नुकसान आणि दुकानाचे भाडे. हा माल वजनाने विकला जात नाही, शेंड्याने विकला जातो. आणि शेंडा रोज, ठरल्या वेळी, एकसारखा, घेणाऱ्याच्या दारात पोहोचावा लागतो. खेड्यातून पहाटेच्या एसटीने आलेला शेंडा दुपारी मान टाकतो. म्हणून शहरात ज्याची खिडकी आहे, अगर लोणावळा-महाबळेश्वर-अलिबागेकडे ज्याचे शेत उपाहारगृहांच्या शेजारी आहे, त्याला हा उद्योग थोडाबहुत पैसा देईल. आमच्या दहा-बारा कुंड्यांनी गेल्या वर्षी बियाणे, काथ्या, नळीची वीज वजा जाता सौभाग्यवतींच्या भिशीचे हप्ते भागविले, त्याहून अधिक नाही.

हा सर्व हिशेब आम्ही पुतण्यापुढे वहीसकट ठेविला. त्याने तो दोनदा वाचला, थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “काका, मग शेडनेटचे राहू द्यावे म्हणता?” आम्ही म्हणालो, “शेडनेट ढोबळी मिरचीला घाल, टोमॅटोला घाल, तुझी मर्जी. या पाल्याला नको.” त्याने बँकेतून कागद परत आणिले.

जाताना मात्र आमच्या गॅलरीतील गोकर्णीच्या वेलापाशी थबकला. गोकर्णीचे निळे फूल गरम पाण्यात भिजविले की निळाशार रंग उतरतो, व त्यात लिंबू पिळताच तो जांभळा होतो. पेयगृहातील लोकांस या गमतीचे मोठे आकर्षण आहे, आणि फुले वाळवून ठेवली तरी रंग जात नाही, म्हणजे पहाटेच्या गाडीची घाई नाही. बी कठीण कवचाचे असल्याने रात्रभर भिजवून लावावे, एवढीच काय ती मेहनत. पुतण्याच्या विहिरीच्या कुंपणावर ही वेल आपोआपच माजलेली आहे आणि दरसाल तो ती कोयत्याने तोडीत असे. या मोसमात त्याने तोडलेली नाही. परवा त्याजकडून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ओंजळभर वाळकी फुले आली. रंग उतरवून पाहिला, चांगला उतरला. काही फुलांत देठ राहिले आहेत, ते पुढील खेपेस काढून धाडावे असे त्यास कळविले आहे.